सिम्युलेशनला कोणतं वितरण द्यायचं? कापसाच्या रांगेपासून पावसाच्या खंडापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांतली मुलं प्रकल्पासाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांत काम करणारी माणसं नियोजनासाठी आता संगणकावर सिम्युलेशन करू लागली आहेत. कोणी जिनिंगच्या आवारातली रांग मांडतं, कोणी संत्र्याच्या ग्रेडिंगची लाइन, कोणी प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी, कोणी कोरडवाहू वावरातली पेरणी. मॉडेल उभं राहतं, पडद्यावर गाड्या हलू लागतात, आणि मग बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात: गाड्या किती किती वेळाने येतात, काट्यावर किती वेळ लागतो, पाऊस किती दिवस दडी मारतो, या रँडम आकड्यांना कोणतं संभाव्यता वितरण, म्हणजे कोणता आकडा किती वेळा येईल याचा नमुना, द्यायचं? पुस्तकांत वितरणांची सूत्रं सापडतात, पण निवड कशी करायची याबद्दल फारसं काही सापडत नाही. म्हणून हे पान.

सरासरी माहीत आहे. तेवढी टाकून भागत नाही का?

नाही भागत. का, ते आकड्यांतच पाहू.

समजा कापूस खरेदी केंद्रावर सरासरी दर १० मिनिटांनी एक गाडी येते. ओलावा तपासणं, प्रत ठरवणं आणि काट्यावर वजन करणं मिळून एका गाडीला सरासरी ८ मिनिटं लागतात. दोन्ही ठिकाणी नुसती सरासरी टाकली तर संगणक सांगेल की कोणालाच थांबावं लागत नाही. गाडी आली, ८ मिनिटांत मोकळी झाली, पुढची यायला अजून २ मिनिटं आहेत. दिवाळीनंतरच्या सोमवारी ज्याने खरेदी केंद्राचं फाटक पाहिलं आहे, त्याला हे उत्तर किती खोटं आहे ते सांगावं लागत नाही.

आता गाड्यांचं येणं रँडम करा आणि सरासरी तीच ठेवा. प्रत्येक गाडीला बरोबर ८ मिनिटंच लागत असतील, तर रांगेत सरासरी १६ मिनिटं थांबावं लागतं. लागणारा वेळ एक्स्पोनेन्शियल असेल, म्हणजे बहुतेक वेळा लहान पण अधूनमधून खूप मोठा, तर ३२ मिनिटं. वेळ फारच कमीजास्त होत असेल, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन सरासरीच्या दुप्पट, १६ मिनिटं असेल, तर ८० मिनिटं. हे आकडे दीर्घकाळ चालणाऱ्या रांगेचे आहेत आणि १९३० च्या सुमाराच्या पोलाचेक–खिंचिन सूत्रातून थेट निघतात. हातानेही काढता येतात. काट्याची सरासरी सगळीकडे ८ मिनिटंच होती. शेतकऱ्याच्या वाट्याला आलेला वेळ मात्र शून्यापासून ८० मिनिटांपर्यंत गेला. हा सगळा फरक वितरणाचा आहे.

सॉफ्टवेअर वीस-पंचवीस वितरणं लावून पाहतं आणि पहिला नंबर कोणाचा ते सांगतं. तेच घ्यायचं ना?

यादी बघा, पण निवड तिच्यावर सोपवू नका. पहिल्या पाच वितरणांचे गुण इतके जवळजवळ असतात की आणखी दहा नोंदी आल्या तर क्रम बदलतो. शिवाय सॉफ्टवेअरला फक्त आकडे दिसतात, आकडे कसे तयार झाले ते दिसत नाही. ते तुम्हाला माहीत असतं. तुमच्याकडची सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे.

म्हणून आधी विचारा, ही गोष्ट घडते कशी? पुष्कळ माणसं एकमेकांना न विचारता आपापल्या सोयीने निघत असतील, आणि एकेकाची निघण्याची शक्यता लहान असेल, तर ठरावीक वेळात येणाऱ्यांची संख्या पॉयसन आणि दोघांमधलं अंतर एक्स्पोनेन्शियल निघतं. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग यांनी कॉलच्या बाबतीत हेच दाखवलं आणि रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. एकच काम लागोपाठ तीन-चार टप्प्यांतून जात असेल तर एकूण वेळेला गॅमा शोभतं. पुष्कळ लहान लहान तुकड्यांची बेरीज असेल, जसं एका क्रेटमधल्या संत्र्यांचं एकूण वजन, तर नॉर्मल. बेरजेऐवजी गुणाकार होत असेल तर लॉगनॉर्मल. पंप दुरुस्तीचा वेळ घ्या: बिघाड मोठा असला की सुटा भाग तालुक्यात मिळत नाही, जिल्ह्याला जावं लागतं, तिथे मिस्त्री गुंतलेला असतो, एकेक अडचण वेळ वाढवत नाही, पटीत नेते. आणि एखादी वस्तू तिच्यातला सगळ्यात कमजोर भाग गेला की बंद पडत असेल, जसं जिनिंगच्या यंत्राचं बेअरिंग किंवा पट्टा, तर वायबुल. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांच्या १९५१ च्या लेखानंतर ते अभियंत्यांत सर्वत्र पसरलं. त्यातला आकार ठरवणारा आकडा १ पेक्षा कमी आला तर यंत्र नवं असतानाच जास्त बिघडतं, १ पेक्षा जास्त आला तर झिजून बिघडतं. १ च आला तर वायबुल म्हणजे एक्स्पोनेन्शियलच, यंत्राच्या वयाचा बिघाडाशी संबंध नाही.

असे दोन-तीन उमेदवार हाताशी आले की मग नोंदींवर लावून पाहा. क्रम उलटा केला तर नोंदींना बसणारं, पण गोष्टीला न बसणारं वितरण हाती येतं.

मग कापसाच्या गाड्यांचं येणं एक्स्पोनेन्शियल धरायला हरकत नाही ना?

तीन गोष्टी तपासल्याशिवाय धरू नका.

पहिली: येण्याचा वेग दिवसभर सारखा नसतो. पुष्कळ गाड्या फाटक उघडायच्या आधीच लागलेल्या असतात, दुपारी ओघ ओसरतो. रविवारी किंवा सणाला केंद्र बंद राहिलं की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची गर्दी. हंगामाचाही चढउतार असतो: सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) होऊन पहिला वेचा घरी आला तेव्हा, दिवाळीनंतर, आणि उलंगवाडीच्या, म्हणजे वेचणी संपत आल्याच्या, दिवसांत. सगळ्या दिवसांची अंतरं एकत्र करून एकच एक्स्पोनेन्शियल लावलं तर गर्दीचा तास आणि रिकामा तास यांची सरासरी होते आणि रांग खऱ्यापेक्षा खूप लहान दिसते. उपाय अवघड नाही. दिवसाचे तास-तासाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याचा वेग वेगळा काढा आणि बदलत्या वेगाची पॉयसन प्रक्रिया वापरा. ती संगणकावर तयार करायची साधी रीत लुईस आणि शेडलर यांनी १९७९ मध्ये दिली: सगळ्यात गर्दीच्या वेगाने गाड्या तयार करायच्या आणि त्या घडीचा वेग जितका कमी, तितक्या प्रमाणात त्या रँडमपणे गाळायच्या. फाटक उघडण्याआधीपासून उभ्या असलेल्या गाड्या वेगळ्या मोजा. त्या दिवसाची सुरुवातीची रांग आहेत, पहिल्या मिनिटाची आवक नाहीत.

दुसरी: गाड्या एकट्या येतात का? एका गावचे तीन-चार शेतकरी मिळून निघतात. ट्रॅक्टरच्या मागे बंड्या लागतात, किंवा एका मेटाडोरमध्ये दोघांचा माल असतो आणि पावत्या दोन होतात. इथे घोळक्यांचं येणं पॉयसन असतं, गाड्यांचं नसतं. घोळका किती मोठा, याचं वितरण वेगळं द्यावं लागतं. हे विसरलं तर पुन्हा रांग लहान दिसते.

तिसरी: वेळ ठरवून दिलेली आहे का? स्लॉट असतील तर एक्स्पोनेन्शियलचा आधारच जातो, कारण माणसं आपापल्या मनाने निघत नाहीत. तिथे ठरलेली वेळ घ्या आणि तिच्यापासून लवकर-उशीर किती याचं वितरण जोडा. काही जण स्लॉट घेऊनही येत नाहीत. त्याची शक्यता निराळी ठेवा.

नॉर्मल सगळ्यांना माहीत आहे. तेच सगळीकडे वापरलं तर?

वेळेसाठी नॉर्मल वापरू नका. सरासरी १० मिनिटं आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ६ मिनिटं असेल तर नॉर्मल जवळपास ५ टक्के वेळा शून्याखालचा आकडा देतं, म्हणजे गाडी यायच्या आधीच खाली झालेली. मग काही जण उणे आकडे शून्य करतात. त्याने सरासरी वाढते आणि आकार बिघडतो. त्याहून मोठा दोष असा की नॉर्मल दोन्ही बाजूंनी सारखं असतं, आणि आपल्याकडच्या वेळा तशा नसतात. कामाला लागणारा किमान वेळ ठरलेला असतो, वरची बाजू मोकळी असते. लाइट गेली, काट्याचा प्रिंटर अडला, हमाल जेवायला गेले, की वेळ एकाच दिशेने वाढतो.

केंद्राची नोंदवही मिळाली. आता थेट वितरण फिट करू (नोंदींवर बसवू)?

थोडं थांबा. या प्रश्नावर सगळ्यात जास्त लिहितो आहे, कारण चांगल्या प्रकल्पांची माती बहुधा इथेच होते. नोंदवही हिशेबासाठी लिहिलेली असते, सिम्युलेशनसाठी नव्हे. तिच्यात काय आलेलं नाही, हे आधी शोधावं लागतं.

काट्याच्या पावतीवर वेळ असते. दोन पावत्यांमधलं अंतर म्हणजे गाड्या येण्यामधलं अंतर, असं धरण्याचा मोह होतो. पण रांग लागलेली असताना पावत्या काट्याच्या वेगाने निघतात, गाड्यांच्या येण्याच्या वेगाने नाही. दिवसभर रांग होती त्या दिवशी ही अंतरं तुम्हाला फक्त काट्याबद्दल सांगतात, आवकेबद्दल काहीच नाही. आवक हवी असेल तर फाटकावर माणूस बसवून गाडी आली ती वेळ लिहावी लागते. एनएसएसच्या मुलांना घेऊन हे काम छान होतं, आणि वर्गात न कळलेलं बरंच काही तिथे कळतं.

दुसरं, वळलेल्या गाड्या. रांग लांब दिसली की काही शेतकरी खाजगी व्यापाऱ्याकडे जातात, भाव थोडा कमी मिळाला तरी. वहीत ते नसतात. वहीवरून काढलेली आवक म्हणजे थांबू शकले त्यांची आवक. केंद्र वाढवलं तर रांग किती कमी होईल, हाच तुमचा प्रश्न असेल, तर हे वळलेले शेतकरीच त्या प्रश्नाचा गाभा आहेत.

तिसरं, ओलावा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी, आणि १२ च्या वर माल परत. म्हणून खरेदीच्या वहीत १२ च्या वरची एकही नोंद नसते. या आकड्यांवर वितरण बसवलं तर ते शिकतं की आपल्या भागात कापूस १२ च्या वर ओला नसतोच. मग त्या सिम्युलेशनमध्ये कोणाचीच गाडी परत जात नाही. ही छाटलेली माहिती आहे आणि तिच्यासाठी फिटही तसंच करावं लागतं: प्रत्येक नोंदीची घनता 'ओलावा १२ च्या आत असण्याची शक्यता' या आकड्याने भागून मग लाइकलिहूड, म्हणजे याच नोंदी मिळण्याची शक्यता, सर्वांत मोठं करायचं. परत गेलेल्या गाड्यांची नुसती संख्या मिळाली तरी फार काम होतं. १०० पैकी २० परत गेल्या एवढं कळलं, तर ८० नोंदींच्या जोडीला 'या २० जणांचा ओलावा १२ च्या वर होता' ही माहितीही फिटमध्ये घालता येते. ओलावा सकाळी आणि दुपारी वेगळा असतो, धुईच्या (धुक्याच्या) दिवसांत तर फारच. ते तपासून तासांप्रमाणे वेगळं वितरण लागतं का पाहा.

चौथं, ५ च्या पटीतले आकडे. हाताने लिहिलेल्या वेळा १०, १५, २०, ३० अशाच असतात. १३ किंवा १७ मिनिटं कोणी लिहीत नाही. अशा नोंदींचा आलेख काढला की मधेमधे उंच खुंट दिसतात आणि कुठलीच चाचणी कुठल्याच वितरणाला पास करत नाही. दोष वितरणाचा नाही. '१५' ही नोंद १२.५ ते १७.५ मधली आहे असं समजून फिट करा.

पाचवं, मिसळ. बंडी, छोटा हत्ती आणि ट्रॅक्टरची ट्रॉली यांच्या खाली होण्याच्या वेळा एकत्र टाकल्या की दोन-तीन उंचवटे दिसतात. मग कोणी तरी त्यावर सात आकड्यांचं भारी वितरण बसवतं. त्यापेक्षा वाहनाप्रमाणे नोंदी वेगळ्या करा, प्रत्येकाला साधं वितरण द्या आणि सिम्युलेशनमध्ये आधी वाहन कोणतं ते निवडा. पुढे ट्रॉल्या वाढल्या आणि बंड्या कमी झाल्या तर काय होईल, हेही मग विचारता येतं.

किती नोंदी हव्यात?

यापेक्षा चांगला प्रश्न असा: चूक किती सोसवते? एक्स्पोनेन्शियलच्या सरासरीतली सापेक्ष चूक साधारण १ भागिले नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ. २५ नोंदींना २० टक्के, १०० नोंदींना १० टक्के, ४०० नोंदींना ५ टक्के.

१० टक्के ऐकायला लहान वाटतात. वरचं उदाहरण घ्या, गाड्या दर १० मिनिटांनी, काटा सरासरी ८ मिनिटं, वेळ एक्स्पोनेन्शियल, थांबणं ३२ मिनिटं. येण्याचा वेग खरं तर १० टक्क्यांनी जास्त असेल तर थांबणं ५९ मिनिटं होतं. १० टक्क्यांनी कमी असेल तर २१. भरत आलेल्या काट्यावर इनपुटमधली लहान चूक उत्तरात कितीतरी मोठी होऊन बाहेर पडते. म्हणून उत्तर एका आकड्यात देऊ नका. मूळ नोंदींतून परत परत तितक्याच नोंदी रँडमपणे उचला (उचललेली नोंद पुन्हा येऊ शकते), दर वेळी नव्याने फिट करा, सिम्युलेशन चालवा आणि उत्तर कुठून कुठपर्यंत हलतं ते सांगा. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप ती हीच. सिम्युलेशन १०,००० वेळा चालवल्याने ही अनिश्चितता कमी होत नाही. ती नोंदींची आहे, संगणकाची नाही.

केएस चाचणीत वितरण पास झालं. आता निश्चिंत?

केएस म्हणजे कोल्मोगोरोव्ह–स्मिर्नोव्ह. ही चाचणी नोंदी आणि वितरण यांच्यातला सगळ्यात मोठा फरक पाहते. तिच्यात ५ टक्क्यांच्या पातळीची मर्यादा साधारण १.३६ भागिले नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ. २५ नोंदी असतील तर मर्यादा ०.२७, म्हणजे इतकी सैल की जवळपास कोणतंही बऱ्या आकाराचं वितरण पास होतं. १०,००० नोंदी असतील तर ०.०१४, म्हणजे इतकी कडक की कामाला पुरेसं चांगलं असलेलं वितरणही नापास होतं. नोंदींची संख्या न सांगता 'पास' म्हणण्याला अर्थ नाही.

आणखी एक चूक सर्रास दिसते. सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन त्याच नोंदींतून काढून मग त्याच नोंदींवर ही चाचणी लावली तर १.३६ हा आकडा चालत नाही. नॉर्मलसाठी तो साधारण ०.८९ होतो, लिलिफोर्स यांनी १९६७ मध्ये त्याचा तक्ता दिला. शिवाय केएस मधल्या भागाकडे जास्त पाहते आणि रांगा लागतात त्या टोकाच्या आकड्यांमुळे. टोकाला वजन देणारी अँडरसन–डार्लिंग चाचणी या कामाला जास्त योग्य.

माझा भर मात्र क्यू-क्यू आलेखावर आहे, आणि तो आलेखाच्या कागदावर हातानेही निघतो. नोंदी चढत्या क्रमाने लावा. क्रमांकातून ०.५ वजा करून एकूण नोंदींनी भागा. त्या शक्यतेला तुमचं वितरण कोणता आकडा देतं ते काढा आणि खऱ्या नोंदीसमोर मांडा. ठिपके सरळ रेषेवर आले तर ठीक. वरच्या टोकाला ठिपके रेषा सोडून खऱ्या नोंदींच्या बाजूला झुकले, तर तुमचं वितरण वाईट दिवस लपवत आहे. चाचणी एक आकडा देऊन थांबते, आलेख बिघाड कुठे आहे ते बोटाने दाखवतो.

नोंदीच नाहीत. सगळं अंदाजाने करायचं का?

काट्यावर वीस वर्षं बसलेला माणूस, हमालांचा मुकादम, ग्रेडर यांना विचारून करायचं. त्यांना पुष्कळ माहीत असतं, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. 'जास्तीत जास्त किती वेळ लागतो?' असं विचारलं तर आठवणीतला सगळ्यात वाईट दिवस मिळतो. 'दहा गाड्यांतल्या नऊ किती वेळात खाली होतात?' असं विचारलं तर वापरता येणारा आकडा मिळतो.

बहुतेक जण किमान, नेहमीचा आणि कमाल असे तीन आकडे घेऊन त्रिकोणी वितरण लावतात. चालतं, पण काय होतं ते बघा. किमान ५, नेहमीचा १० आणि कमाल ६० मिनिटं असेल तर त्रिकोणी वितरणाची सरासरी २५ येते. तेच तीन आकडे पर्ट या प्रकल्प-नियोजनातल्या रीतीने घेतले, जिथे नेहमीच्या आकड्याला चौपट वजन असतं, तर १७.५. उत्तर देणाऱ्याने एकच गोष्ट सांगितली होती. म्हणून दोन्ही लावून पाहा आणि काढलेली सरासरी त्याच माणसाला परत सांगा: 'भाऊ, दिवसभराचा हिशेब केला तर एका गाडीला पंचवीस मिनिटं पडतात, बरोबर का?' तो लगेच सांगतो. ही उलटतपासणी फुकट आहे आणि कोणत्याही चाचणीइतकी कामाची आहे.

किमान आणि कमाल एवढंच माहीत असेल तर युनिफॉर्म?

कामचलाऊ म्हणून ठीक. पण कमाल आकड्याच्या जवळचं आणि मधलं सारखंच वेळा घडतं असं प्रत्यक्षात क्वचितच असतं.

वितरण न बसवता नोंदीच रँडमपणे उचलल्या तर?

नोंदी भरपूर आणि स्वच्छ असतील तर ही प्रामाणिक रीत आहे, आणि कोणतंच वितरण बसत नसेल तर हीच वापरा. तिची मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. नोंदींतला सगळ्यात मोठा आकडा ४२ मिनिटं असेल तर तुमच्या सिम्युलेशनमध्ये ४३ वं मिनिट कधीच उजाडणार नाही, ते हजार हंगाम चालवलं तरी. मधल्या भागासाठी नोंदी आणि वरच्या टोकासाठी बसवलेलं वितरण, असा जोड देता येतो.

पावसासाठी काय वापरू? आमचा प्रकल्प दुबार पेरणीवर आहे.

पाऊस हा स्वतंत्र दिवसांचा खेळ नाही, हे पक्कं धरा. कोरड्या दिवसानंतर कोरडा दिवस येण्याची शक्यता जास्त असते. हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. त्यावरून दिवस ओला की कोरडा ठरवा आणि दोन अवस्थांची मार्कोव्ह साखळी लावा, म्हणजे उद्याची शक्यता आज ओला की कोरडा यावरून ठरवा. गॅब्रिएल आणि न्यूमन यांनी १९६२ मध्ये तेल अवीवच्या पावसासाठी ती लावली होती; ती रीत आजही पहिली पायरी म्हणून चांगली आहे.

फरक केवढा पडतो पाहा. समजा हंगामात ५५ टक्के दिवस कोरडे असतात. दिवस स्वतंत्र धरले तर सुरू झालेला खंड १० दिवस किंवा जास्त टिकण्याची शक्यता ०.५५ चा नववा घात, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. आता तेच ५५ टक्के ठेवून, कोरड्यानंतर कोरडा येण्याची शक्यता ०.७ धरा. तीच शक्यता ४ टक्के होते, जवळजवळ नऊपट. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो, तरी पहिल्या पावसावर पेरणारे असतात, आणि त्यांचं बियाणं वावरात जळतं ते या खंडात. स्वतंत्र दिवसांचं मॉडेल या माणसाला सांगेल की धोका नाही. असं मॉडेल कोणाच्या हातात देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पडलेल्या पावसाच्या मिमीला गॅमा बहुधा चालतं, पण अतिवृष्टीच्या टोकाला ते कमी पडतं. तिथे आलेख जरूर काढा. जून, जुलै-ऑगस्ट आणि सप्टेंबर यांचे आकडे वेगळे ठेवा. गडचिरोलीचे आकडे बुलढाण्याला लावू नका, दोन्हीकडचा पाऊस फार वेगळा आहे. आणि शेवटी सिम्युलेशनचे हंगामी एकूण पाऊस खऱ्या वर्षांशी ताडून पाहा. या साखळीतून वर्षावर्षांतला चढउतार खऱ्यापेक्षा कमी येतो, तो उणेपणा अहवालात लिहा.

गारपिटीसारख्या गोष्टींना दोन पायऱ्या लागतात: यंदा होईल की नाही, आणि झाली तर नुकसान किती. काटोल-वरुडच्या संत्रा बागांसाठी दोन्ही एका वितरणात कोंबलं तर प्रत्येक वर्षी थोडी थोडी गार पडते असं चित्र निघतं.

दोन इनपुट एकमेकांशी जोडलेले असतील तर?

तर ते सुटे उचलू नका. ट्रॉलीतलं वजन आणि खाली करायचा वेळ सोबतच वाढतात. सुटे उचलले तर दोन क्विंटलच्या बंडीला पाऊण तास आणि भरल्या ट्रॉलीला पाच मिनिटं असले प्रसंग तयार होतात. सगळ्यात सोपी रीत म्हणजे वहीतली पूर्ण ओळच उचलणं: वाहन, वजन, ओलावा, वेळ, सगळं एका गाडीचं एकत्र. नाही तर वेळ काढताना क्विंटलमागे किती मिनिटं याचं वितरण द्या. कापसाच्या रोजच्या भावाचंही तसंच. आजचा भाव कालच्या भावाजवळ असतो, म्हणून भावाला वितरण न देता भावातल्या बदलाला द्या.

हे एक्सेलमध्ये होतं का?

लहान मॉडेल होतं. रँड फंक्शनचा नैसर्गिक लॉग घेऊन उणे सरासरीने गुणलं की एक्स्पोनेन्शियल आकडा मिळतो. पायथन वापरत असाल तर एक काळजी: सायपाय या पायथनच्या लायब्ररीमध्ये लॉगनॉर्मल, गॅमा किंवा वायबुल फिट करताना वितरण डावी-उजवीकडे सरकवणारा आकडाही तो आपण होऊन शोधतो. त्यामुळे काही वेळा सुरुवातच उणे वेळेपासून होते. तो शून्यावर बांधा, किंवा कामाचा किमान वेळ माहीत असेल तर त्यावर.

गेल्या हंगामाच्या नोंदी यंदा चालतील का?

जे बदललं नाही त्यापुरत्या चालतील. काटा तोच, हमाल तेच, तर खाली होण्याच्या वेळा चालतात. आवकेच्या नोंदी मात्र सहसा चालत नाहीत: पेरा बदलतो, भाव बदलतो, आणि स्लॉट बुकिंग सुरू झालेल्या केंद्रावर तर येण्याची पद्धतच बदलते. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात फाटकावर दोन दिवस वेळा लिहून घ्या आणि जुन्या वितरणावर क्यू-क्यू आलेख काढा. ठिपके रेषेवर असतील तर जुन्या-नव्या नोंदी एकत्र करा. नसतील तर आवकेचं वितरण नव्याने बसवा आणि काट्याचं तसंच राहू द्या.